तळ सपाट आहे

“सात जणांच्या गाडीत अकरा. दारावर चाललोय की वऱ्हाडाला?” दिपमाला पुटपुटली.

तिनं ते कुणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं. पण तिचं कोपर ताईबाईच्या बरगडीत रुतलेलं होतं आणि तोंड कानापासून चार बोटांवर, त्यामुळे ऐकणं सासूच्याच वाट्याला आलं. सून खोटं बोलत नव्हती. भडगावहून धुळ्याला दारावर जायचंय एवढं कळायचा अवकाश, गल्लीतल्या चार बायका आणि ताईबाईच्या नवऱ्याचे, चुडामणचे, तीन चुलतभाऊ न बोलावता अंघोळी करून गाडीपाशी उभे राहिले होते. मयताच्या घरी एकट्यानं जायची पद्धत खानदेशात नाही. गाडी भरून जायचं. बायकांनी उतरल्या उतरल्या हेल काढायचा, घरातल्या बायकांनी सामोरं येऊन गळ्यात पडायचं, पुरुषांनी ओट्यावरच्या सतरंजीवर मांडी घालून बसायचं. पाणी प्यायचं. कापूस किती निघाला, बोंडअळी किती पडली, पाटाला पाणी कधी सुटणार हे बोलायचं. माणूस कसा गेला ते विचारायचं नाही. आणि अर्ध्या तासानं, ‘येतो’ न म्हणता उठायचं.

ज्याच्यासाठी आलो त्याला सोडून जगातलं सगळं बोलता येतं, असा हा रिवाज. ताईबाईच्या साठ वर्षांत तो तिला नेहमीच सोयीचा वाटत आला होता. आज तर घरातल्या सगळ्यांनीच त्याला घट्ट धरून ठेवलं होतं. चुडामणनं सकाळी टोपी झटकता झटकता दोनदा बजावलं होतं की तिथे जाऊन कुणी काही बोलायचं नाही, रीत नाही ती. नवऱ्याला रीतीभातीचा एवढा पुळका लग्नानंतर पहिल्यांदाच आलेला ती पाहत होती.

गाडी नवल चालवत होता. तिचा एकुलता एक मुलगा, अडतीस वर्षांचा. पारोळा आलं, मागे पडलं. आरशात त्याचे डोळे दिसत होते आणि ताईबाई आरशाकडे पाहायचं टाळत होती.

ज्याच्या दारावर चालले होते तो प्रेमराज. ताईबाईच्या भावाची पोरगी सुलक्षणा, तिचा नवरा. हे स्थळ ताईबाईनंच आणलं होतं. धुळ्यात देवपूरला स्वतःचं घर, सासरा मोतीलाल एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला फिटर, सासू आधीच वारलेली, पोरगा निर्व्यसनी. भावजय म्हणाली होती, अक्का, तुम्ही पाहिलंय ना, मग झालं. प्रेमराजचं आजोळ तापीकाठचं, त्यामुळे त्याला पाण्याची भीती कशी ती नव्हती. नवलनं ते हेरलं, त्याला पाणबुड्याचं शिक्षण घ्यायला लावलं आणि सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताखाली समुद्रावर नेलं. म्हणजे नवरा आत्यानं दिला आणि नोकरी आत्याच्या पोरानं. सुलक्षणा दर राखीला येऊन हे बोलून दाखवायची, हसत हसत.

नवलचं काम काय, हे ताईबाईला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. समुद्र तिला ठाऊक होता तो कॅलेंडरवरचा, निळा आणि दोन नारळाच्या झाडांमधला. नवलनं एकदा परातीत रेती आणि पाणी घेऊन दाखवलं, तेव्हा कळलं. गुजरातच्या किनाऱ्यापासून बरंच आत, गॅसच्या विहिरीवर चार पायांचं लोखंडी घर उभं केलेलं असतं. वर माणसं कायम राहत नाहीत. दुरुस्ती असली की बोटीनं जातात, चार दिवस काम करतात, उतरतात. त्या घराचे पाय समुद्राच्या तळात रुतवलेले. वादळ झालं की लाटांचं पाणी तळापर्यंत घुसळतं, पायाभोवती गरगर फिरतं आणि तिथली रेती उचलून नेतं. खड्डा पडतो. कधी माणूसभर, कधी दोन माणूस. म्हणून वादळ ओसरलं की पाणबुड्यानं खाली जाऊन पाय चाचपायचे, वर बोटीत बसलेल्या नवलला तारेवरून सांगायचं, आणि नवलनं लिहायचं. तो लिहील त्यावर ठरायचं, वर माणसं चढवायची की नाही.

“हात्तिच्या,” ताईबाई तेव्हा म्हणाली होती. एवढं तर तिला परातीशिवायही कळलं असतं. तिचा बाप गिरणेच्या रेतीत वाड्या लावायचा. पूर ओसरला की नदीच्या पात्रात आळी करून टरबूज, खरबूज, काकडी. तिचं सगळं लहानपण त्या रेतीत गेलं. पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी टाचेखालची रेती सरकते आणि माणूस खचतो, हे चालता यायच्या आधीच कळलेलं. पुलाच्या खांबाशी पूर कसा खड्डा पाडतो, आणि पाणी उतरता उतरता तोच खड्डा कसा वरून भरून येतो, इतका की शेजारची रेती कुठली आणि ही कुठली, ओळखू येत नाही, तेही. त्या भरलेल्या जागी एकदा त्यांचा बैल पोटापर्यंत गेला होता. दोर लावून काढला, पण पाय मोडला तो मोडलाच. तेव्हापासून बापाचा कायदा: पूर उतरल्यावर आठ दिवस खांबापाशी फिरकायचं नाही. आठ दिवसांत रेती बसते.

आणि दिवाळीनंतर नवलचा फोन आला होता.

समुद्रात वादळ होऊन गेल्याचं टीव्हीवर सांगितलं होतं, म्हणून त्याचा आवाज ऐकून तिला आधी बरं वाटलं. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला होता. त्यानं जेवणाखाण्याचं विचारलं, चुडामणच्या गुडघ्याचं विचारलं, आणि मग, सहज विचारल्यासारखं:

“माय, पूर उतरना की पुलना खांबजोडे खड्डा भराई येस ना, ती रेती कितला दिनमा बसस?”

“आठ दिन,” ती म्हणाली. “आठ दिनमा घट्ट व्हई जास. का रे, समुद्रमा वाडी लावी राहिना का?”

तो हसला. तीही हसली. शेंगा सोलून झाल्या, तिनं भाजी फोडणीला टाकली, फोनचं विसरूनही गेली.

अकराव्या दिवशी दुसरं वादळ आलं. ते लोखंडी घर एका बाजूला कललं आणि शेवटी पाण्यात गेलं. वर तिघे होते. समुद्र असा खवळलेला की बोट जवळ लागूच शकली नाही. प्रेमराज सापडला चौथ्या दिवशी, किनाऱ्यावर. त्याच्याच गल्लीतला तेजस, ज्याला त्यानं वर्षापूर्वी कामाला लावलं होतं, तो पाचव्या दिवशी. तिसरा गुजरातचा होता, तो अजून सापडलेला नव्हता.

ताईबाईनं दिवस मोजले ते बातमी कळली त्याच दुपारी. बोटांच्या पेरांवर, पदराखाली. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले. त्यानंतर तिनं कुणाला काही विचारलं नाही, आणि तिला काही विचारावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. विचारणार कोण होतं? वाल सोलणाऱ्या बाईला समुद्राचं कोण विचारतं.

नवल आठवड्यानं घरी आला तो एक कागद घेऊन. कंपनीनं मजकूर तयार केला होता, सोमवारी सही करून पाठवायचा होता. दिपमाला जळगावच्या मेहरूणची, बी.कॉम. झालेली, तिनं तो कागद वाचला. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता तिनं सासूला सगळं सांगितलं. कागदावर असं होतं की पाणबुडा प्रेमराज याने पाहणी करून तळ सपाट आहे असे कळवले, त्यावर विसंबून माणसे वर पाठवण्यात आली. खाली नवलच्या सहीची जागा. तारेवरचं बोलणं टिपणारं यंत्र बोटीवरून त्या लोखंडी घरावर हलवलेलं होतं. ते घराबरोबर गेलं.

“यात खोटं काहीच नाहीये, आई,” दिपमाला म्हणाली. “तो तसं बोलला होता. तळ सपाट आहे. ह्यांनी तेच लिहिलं.”

“अजून काही बोलेल व्हता का तो?”

दिपमालानं पोळी तव्यावर टाकली. ती फुगली, तिनं ती फडक्यानं दाबली. मग म्हणाली की मोठी सातवीत आहे, धाकटी दुसरीत. हे आत गेले तर सहा-सात वर्षं धरून चाला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती होती. ताईबाईनं पुढं विचारलं नाही. सुनेचा राग यावा असं तिला मनापासून वाटत होतं आणि तो येत नव्हता.

त्या संध्याकाळी नवल घरात नव्हता. ती त्याला शोधत नदीवर गेली. गिरणेचं पात्र उतरलेलं, मधोमध एक धार वाहत होती. तो पुलाच्या तिसऱ्या खांबाशी उकिडवा बसला होता आणि गोठ्यातली सळई रेतीत खुपसत होता. खुपसायची, काढायची, हातभर पुढे सरकायचं, पुन्हा खुपसायची. सळई कुठेच वीतभराच्या पुढे जात नव्हती. ताईबाई चपला काढून जवळ बसली. रेती गार होती.

तो बोलायला लागला, तिच्याकडे न पाहता. प्रेमराजनं तळ सपाट असल्याचं सांगितलं होतं, ते खरं. पण तो तेवढ्यावर थांबला नव्हता. सळई खुपसून पाहिली होती त्यानं. छापील तक्त्यात तसं काही करायला सांगितलेलं नसतानाही. कमरेपर्यंत गेली. तो तारेवरून म्हणाला होता, “भाऊ, सपाट शे, पन पोची शे. वर मानसं धाडू नको.” तक्त्यात रकाना एकच होता, तळाची पातळी. पोची, आतून भुसभुशीत रेती लिहायला जागा नव्हती. शेरा लिहिता आला असता. शेरा लिहिला की काम बंद, खड्डा बुजवायला दगडांचं जहाज येईपर्यंत महिना दीड महिना बंद, आणि आधीच दोनदा काम थांबवल्याबद्दल नवलला वरून बोलणी बसली होती. म्हणून त्यानं रकाना भरला आणि शेरा सोडला.

“पन मी लगेच नही धाडं त्यास्ले,” तो म्हणाला. “आठ दिन थांबनू. काही ना काही कारनं काढीसन आठ दिन कोनले वर चढू नही दिन्हं. रेती आते बसनी, असं मीच प्रेमराजले सांगं, नि नवव्या दिनले धाडं.”

तो ‘आठ’ म्हणाला तेव्हाही त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आठ कुठून आले, हे तो बोलला नाही. पोरगा लहानपणापासून असाच. दुसऱ्याचं ताट सांडलं तरी स्वतः पुसायला घ्यायचा. ताईबाईला वाटलं, यापेक्षा त्यानं ओरडावं, सळई फेकून द्यावी, म्हणावं की माय, तू सांगेल व्हतं.

त्याऐवजी तो समजावून सांगायला लागला, शाळेतल्या मास्तरसारखा. नदीचं पाणी उतरतं, माय. रेती उघडी पडते, पाणी निथळून जातं, वरून ऊन लागतं, आपल्याच वजनानं ती दबते. म्हणून बसते. समुद्र कुठे उतरतो? ओहोटी वरच्यावर, तळाला पाणी जसंच्या तसं. भरलेला खड्डा तसाच पोचट राहतो, महिनामहिना. पुढच्या वादळानं एका रात्रीत पुन्हा उपसला, आणि ह्या खेपेला आधीपेक्षाही खोल. हे पुस्तकात होतं, तो म्हणाला. मी वाचेल व्हतं. पन त्या दिवशी...

पुस्तकावर आणि मायवर एकाच वेळी विश्वास ठेवायची पाळी आली, आणि पोरानं माय निवडली. कुठल्याही आईनं मिरवावं असं हे. ताईबाईनं गार रेती मुठीत घेतली आणि सोडून दिली. सोमवारी सही करणार का, एवढंच तिनं विचारलं. तो म्हणाला, काय माहीत. मग म्हणाला, आधी दारावर जाऊन येऊ. सुलीचं तोंड पाहू.

म्हणून ते आज चालले होते.

देवपूरच्या त्या गल्लीत गाडी वळली आणि मागच्या बायकांनी पदर डोक्यावर ओढून रडायची तयारी केली. पण गल्लीत दारं दोन होती. एक, आणि चार घरं सोडून दुसरं. पहिल्या दारापुढे मंडप घातलेला, चपलांचा खच पडलेला, आतून बायकांचा आक्रोश येत होता. ते तेजसचं घर. पलीकडे मोतीलालच्या दारापुढे एक सतरंजी, तिच्यावर दोन म्हातारे, आणि चपलांचे मोजून चार जोड.

तेजसची आई सुगंधाबाई दारातच बसलेली होती. गाडी आपल्याकडे येत नाही, पुढे जाते हे पाहून तिनं तोंड फिरवलं. गल्लीत ठरूनच गेलं होतं म्हणे. जे तेजसच्या दारावर जातात ते मोतीलालकडे जात नाहीत. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला होता ना, चूक कुणाची ते. सुगंधाबाई मोठ्या आवाजात काही बोलली नव्हती, शिव्याशाप दिले नव्हते. एवढंच म्हणाली होती की माझा पोरगा ज्याच्या भरवशावर पाण्यात गेला, त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही. तेवढं पुरलं. मोतीलालकडे दूध घालणाराही आता गल्लीच्या तोंडाशी पिशवी ठेवून जात होता.

बायकांनी हेल काढला, पण चपलांचे चारच जोड पाहून तो मध्येच पडला. सुलक्षणा दारात आली. कपाळ मोकळं, केस कसेतरी बांधलेले. ती ताईबाईच्या गळ्यात पडली नाही. तिनं आत्याचे दोन्ही हात धरले आणि तिला आत नेऊन बसवलं, पाहुण्याला बसवतात तसं.

“फुई, तू उनी ते बरं झालं,” ती म्हणाली. “आमना दारवर कोनी येतच नही.”

ताईबाईला तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. हात उचलला गेला नाही.

बाहेर ओट्यावर पुरुषांचं रीतसर सुरू झालं होतं. चुडामणनं कापसाचा विषय काढला. भाव पडलाय, वेचणीला माणूस मिळत नाही, यंदा बोंडं काळी पडली. एक चुलतभाऊ म्हणाला, रावेर-सावद्याकडे केळीवाल्यांचं तरी बरं चाललंय. मोतीलालचे शेजारी, तेही दुसऱ्या गल्लीतले, माना हलवत होते. दारातून ताईबाईला सगळं दिसत होतं. मोतीलाल भिंतीला टेकून बसला होता. उंच, हाडकुळा माणूस, नखांच्या कडांना अजून वर्कशॉपचं काळं होतं. तो कुणाच्याच बोलण्याकडे लक्ष देत नव्हता. तो नवलकडे पाहत होता.

मग तो उठला. सतरंजी ओलांडून नवलपुढे गेला, आणि एवढा मोठा माणूस आपल्यापेक्षा तीस वर्षांनी लहान पोरापुढे हात जोडून उभा राहिला.

“भाऊ, आमना पोऱ्यामुळे तुले खाले पाहनं पडनं,” तो म्हणाला. “माफ करजो.”

नवल धडपडून उभा राहिला. त्यानं मोतीलालचे हात धरले, खाली केले, बसवलं त्याला. चुडामण घाईघाईनं म्हणाला की नाना, आता त्या गोष्टी नकोत, दारावर असं बोलत नसतात. आणि पाटाच्या पाण्याचा विषय काढला.

पण मोतीलालनं तीस वर्षं एसटीच्या गाड्यांचे ब्रेक तपासले होते. तो हळू आवाजात बोलत राहिला, थांबत थांबत. सांगत होता की ब्रेक नुसता पाहून कळत नसतो. खाली घुसावं लागतं, हातानं ओढून पाहावं लागतं. कितीदा ड्रायव्हर घाई करायचे, मोतीभाऊ, करा सही, पॅसेंजर बसलेत. कधी केली नाही. तीस वर्षांत त्याच्या सहीची एक गाडी घाटात गेली नाही. पोराला हे त्यानं शिकवलं होतं. लहानपणी सायकल दिली तेव्हापासून.

“मले एकच सांग,” तो नवलला म्हणाला. “तू वर व्हता, तुले माहीत. त्यानी हात लाईसन पाहं व्हतं का? का नुसतं डोयास्वरी पाहीसन सांगी दिन्हं?”

गल्लीच्या त्या टोकाचा आक्रोश नेमका त्याच वेळी थांबला होता, म्हणून हा प्रश्न घरात सगळ्यांना ऐकू आला. सुलक्षणा पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी निघाली होती, ती तिथेच उभी राहिली. दिपमालानं सासूचा दंड पकडला.

नवलनं ओठ ओले केले. ताईबाईला त्याचं तोंड एका बाजूनं दिसत होतं. तो बोलणार असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटून वाटही पाहिली.

“नाना,” तो म्हणाला, “पानी गढूळ व्हतं.”

मोतीलालनं मान हलवली. एकदा, दोनदा. जसं काही त्याला हवं ते उत्तर मिळालं. “म्हंजे डोयास्वरीच,” तो स्वतःशी म्हणाला. “तेबी गढूळ पानीमा.” मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहिला. एका क्षणात तो ऐंशीचा दिसायला लागला होता. दारातल्या सुलक्षणाच्या हातातला तांब्या कलला, पाणी तिच्या पायावर सांडत होतं. ते तिच्या लक्षात नव्हतं. चुडामण म्हणाला की चला, उन्हं व्हायच्या आत निघू. चुलतभाऊ लगेच उठले. बायकांनी पदर सावरले. ‘येतो’ कुणीच म्हणणार नव्हतं.

ताईबाईनं सुलक्षणाच्या पायाशी साचलेल्या पाण्याकडे पाहिलं. सोमवार तिच्या डोळ्यांपुढे होता. सातवीतली आणि दुसरीतली, दोघीही होत्या. पोराचं वाकलेलं मानगूट होतं. ते तिनं लहानपणी हजारदा धुतलेलं. त्याचा काय गुन्हा, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्या विचाराचीच तिला शिसारी आली. कारण समोरच्या माणसानंही एक मानगूट धुतलं होतं, आणि ते त्याला समुद्रानं परत दिलं त्या अवस्थेत त्यानं पुन्हा धुतलं असणार.

तिनं दिपमालाचा हात दंडावरून सोडवला. हळूच सोडवला, एकेक बोट. दिपमाला कुजबुजली, आई, नको. ताईबाई दाराचा उंबरा ओलांडून ओट्यावर, पुरुषांच्या सतरंजीपाशी आली. दारावर आलेली बाई असं कधी करत नाही. चुडामण तिच्याकडे पाहत राहिला. नवलनं वर पाहिलं आणि त्याला कळलं. त्यानं तिला थांबवलं नाही.

ती मोतीलालपुढे खाली बसली, आवाज त्याच्यापुरताच राहील अशी. पण आवाज तिच्या ताब्यात नव्हता, तो चार घरं पलीकडे जाईल इतका मोठा निघाला.

“नाना, तुमना पोऱ्यानी हात लायेल व्हता. सळई खुपसीसन पाहेल व्हती, ती कमरलोंग गई. रेती पोची शे, वर मानसं धाडू नको, असं त्यानी मना नवलले सांगेल व्हतं. नवलनी ते लिखं नही. मीच त्याले म्हनेल व्हतं, आठ दिनमा बसस. त्यानी मनं ऐकं, नि तुमना पोऱ्याले वर धाडं.”